चार नंबरच्या प्रेसची देवी

माझ्या कपाळावर बाया कुंकू थापत होत्या तेव्हा मला वाटत होतं, मी मरतेय.

छाती आवळली होती. हात बधिर. तोंड कोरडं ठाक. श्वास घेत होते पण आत काही जात नव्हतं. नागापूर एमआयडीसीतला आमचा कारखाना, चार नंबरचं प्रेस मशीन, सकाळच्या चहाच्या आधीची वेळ. मी स्टुलावरून खाली घसरले. अंगाला कापरं भरलं. बाया धावल्या. कुणी माझा अंबाडा सोडला. कुणी भिंतीवरच्या देव्हाऱ्यातलं हळदकुंकू आणलं. पॅकिंगमधली म्हातारी मावशी हात जोडून विचारायला लागली, "कोन हायस तू? कुठल्या डोंगरावरून आलीस? बोल आई, बोल."

मला बोलायचं होतं. दवाखान्यात न्या, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून नुसता हुंकार निघाला. बायांना तेवढा पुरला.

तेवढ्यात ऑफिसातून मॅडम आल्या. मॅडम म्हणजे शेठची बायको. शेठ बाहेरची कामं बघतात, कारखाना मॅडमच्या हातात. इंजिनिअर आहेत. त्यांना बघून माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, शिकलेली बाई आहे, ही बायांना बाजूला सारील, गाडी काढील. मॅडमनी मोबाईल काढला. माझ्यावर धरला. हसू दाबत म्हणाल्या,

"आई, आमची पुण्याची ऑर्डर कधी पास होणार, तेवढं सांगा ना."

सगळे हसले. सुपरवायझर हसला. ज्यांनी कुंकू लावलं त्या बायाही हसल्या, कारण मॅडम हसल्या होत्या. मग मॅडम ऑफिसकडे वळता वळता सुपरवायझरला म्हणाल्या, "ह्या लोकांत हे चालतंच."

मी खाली फरशीवर होते. माझी लघवी सुटली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या व्हिडिओत ते दिसतं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ निम्म्या एमआयडीसीच्या मोबाईलवर होता.

ह्या लोकांत. कोणते लोक? पाथर्डीकडच्या कोरड्या भागातले. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून ऊस तोडायला जाणारे. माझे आईबाप कोयता घेऊन गेले, मीही त्यांच्या मागं गेले. लग्नानंतर नवऱ्याने टेम्पो धरला आणि मी कारखाना. कोयता सुटला म्हणून मी देवाला नारळ फोडला होता. कोयत्याची पोर एमआयडीसीत कामाला लागली याचा मला केवढा ताठा होता.

आता चार नंबरचं सांगते.

त्या मशीनवर माझ्याआधी सुशीला बसायची. भिंगारची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ, हाताने चपळ. काम सोपं दिसतं. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात मागं घ्यायचा, पायाने पायडल दाबायचं. वरून दणका बसतो, नग तयार. हात आत राहू नये म्हणून मशीनच्या तोंडाला लोखंडी जाळी असते. हात आत असला की जाळी बंद होत नाही, आणि जाळी बंद नसली की दणका बसत नाही. म्हणजे बसायला नको. आमच्या मशीनांच्या जाळ्या काढून ठेवल्या होत्या. जाळीमुळे वेळ जातो, टार्गेट निघत नाही. चार नंबरची जाळी संडासाच्या भिंतीमागं भंगारात पडलेली होती, हे आम्हा सगळ्या बायांना माहीत होतं. तिच्यावर आम्ही ओली फडकी वाळत घालायचो.

त्या दिवशी मी शेजारी तीन नंबरवर होते. सुशीलाने पायडल एकदा दाबलं. मशीन दोनदा बसलं. पहिल्या दणक्यानंतर ती नग उचलायला गेली आणि दुसरा दणका तिच्या उजव्या हातावर आला. ती ओरडलीसुद्धा नाही. हात वर धरून माझ्याकडे बघत राहिली. तीन बोटं नव्हती.

तिला गाडीत घातलं. फरशीवर भुसा टाकला. सुपरवायझरने मशीनपुढं नारळ फोडला, लिंबू उतरवलं. मेकॅनिकने पायडल दोनदा दाबून बघितलं. मग सुपरवायझर मला म्हणाला, "तुझे हात चपळ हायेत. बस तू."

अर्धा तास झाला नव्हता. डाव्या बाजूला भुसा अजून ओला होता. मी बसले. का बसले? नाही म्हणता येतं हे मला माहीतच नव्हतं.

दीड-दोन महिने काही झालं नाही. मग एक दिवस पायडल दाबायला पाय उचलला आणि छातीत धडधड सुरू झाली. मग रोज. मग कारखान्याच्या गेटवर. मग घरी, कुकरची शिट्टी झाली तरी. झोप उडाली. जेवणाची चव गेली. रविवारी सुट्टी असली की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लेकीची वेणी घालायला हात उचलायचा नाही. नवऱ्याने एका खासगी डॉक्टरकडे नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. डॉक्टर पट्टी बघून म्हणाला, "काही नाही. टेन्शन घेऊ नका."

काही नाही! मी रोज मरते आणि काही नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्यानंतरच फरशीवरचा तो प्रकार घडला. सुपरवायझरने सगळ्यांना सांगून टाकलं, "मशीननं बळी घेतला, आन् आता देवी हिच्या अंगात बसली." सगळ्यांना पटलं. माझ्या सासूला, म्हणजे आत्यांना, तर लगेच पटलं.

आणि इथं मला माझं खरं सांगितलं पाहिजे. मलाही ते बरं वाटलं.

तेरा वर्षांत आत्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'ए' म्हणायच्या. आता त्यांनी मला पाटावर बसवलं. पायांवर पाणी घातलं. शेजारणी ओटी घेऊन आल्या. आत्या माझ्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "आमचं काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल, आई." ज्या बाईने माझी बाळंतपणं शिव्या देत काढली ती बाई. मी डोळे मिटून बसले. एकीने विचारलं, माझ्या लेकीला दिवस राहतील का? मी मान हलवली, हो म्हणून. ते खोटं होतं. मला काही दिसत नव्हतं, माझ्यात कुणी बोलत नव्हतं. पण वेडी म्हणवून घेण्यापेक्षा देवी म्हणवून घेणं सोपं होतं. आजार असता तर मला घराबाहेर काढलं असतं. देवी होती म्हणून पाट मिळाला. त्या लेकीला दाखवलेल्या खोट्या आशेची मला अजून लाज वाटते.

सुशीला हे ऐकून खोलीवर आली. हाताला फडकं गुंडाळलेलं. आत्या बाहेर जाईपर्यंत गप्प बसली. मग म्हणाली, "देवी बिवी काय न्हाई तुला. मला बी व्हतंय तसंच. झोपले की दनका ऐकू येतो. चल माझ्यासंगं."

हाताच्या पट्टीसाठी ती सरकारी दवाखान्यात जायची. तिथल्या नर्सने तिला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. बाई डॉक्टर. खोलीबाहेर लांब रांग. रांगेत मी पदर नाकापर्यंत ओढून उभी, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. चोरी केल्यासारखी.

डॉक्टरांनी मला काय होतं ते विचारलंच, पण कधीपासून, आणि त्याच्या आधी काय झालं, हेही विचारलं. एवढं मला कुणीच विचारलं नव्हतं. मी चार नंबरचं सांगितलं. मी सांगत असताना मध्येच त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "माहेरी कुणाला असं व्हायचं का?"

आणि मला आई आठवली.

उसाच्या फडात आई मोळी डोक्यावर घेता घेता खाली बसायची. छाती धरायची. घामाने चिंब. म्हणायची, "माझ्या छातीवर बैल बसलाय." मुकादम म्हणायचा, "नाटकी बाई हाय. उठ." मी सात-आठ वर्षांची, धाकट्या भावाला काखेत घेऊन तिची छाती चोळायची. आईबाप गाडी भरायला गेले की कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मी आणि भाऊ दोघंच, दाराला पाचटाचा पेंढा लावून. बाहेर पाऊल वाजलं की मी भावाच्या तोंडावर हात ठेवायची. त्या पावलांची भीती कशाची होती ते कोपीत राहिलेल्या पोरींना सांगावं लागत नाही. आईला लोकांनी बाहेरचं झालंय म्हणून लिंबं बांधली, अंगारा लावला. ती गेली तेव्हाही तिला काय झालं होतं ते कुणाला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "ह्याला घबराटीचा आजार म्हणतात. त्याच्यासोबत तुम्हाला उदासीचाही आजार झालाय. ह्याचं एकच कारण नसतं. थोडं आईकडून आलेलं असतं, जसं कुणाला दमा येतो. थोडं लहानपणी सोसलेलं असतं. त्यात झोप नाही, कष्ट, आणि वरून तो अपघात. तुम्ही नाटक करत नाही. आणि तुम्ही वेड्याही नाही."

मी विचारलं, मग मशीन बंद असताना का होतं? कुकरला का होतं?

"दारातलं कुत्रं चोर आल्यावर भुंकतं ना? एकदा चोर येऊन गेला की पुढं कितीतरी दिवस ते पाचोळा हलला तरी भुंकतं. कुत्र्याची चूक नाही. त्याला पुन्हा शांत व्हायला शिकवावं लागतं. त्याला वेळ लागेल."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. झटका आला की त्याच्याशी मारामारी करायची नाही, पंधरा-वीस मिनिटांत तो आपोआप उतरतो, तेवढं बसून राहायचं. मी उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हटलं, "पण डॉक्टर, चोर गेला कुठं? मशीन तिथंच हाय. जाळी भंगारात हाय."

डॉक्टरांनी पेन उचललं. त्यांनी माझ्या केसपेपरवर आणखी एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. कामाच्या ठिकाणचा अपघात डोळ्यांनी पाहिल्यानंतर त्रास सुरू.

घरी येताना सुशीलाने मला एक गोष्ट सांगितली. कारखान्याच्या अपघाताच्या रजिस्टरात लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा. मोबाईल बघत होती म्हणे. तिने लेबर ऑफिसात तक्रार दिली होती. साक्षीदार म्हणून तिने एकच नाव दिलं होतं. माझं. तीन नंबरवरून मीच एकटीने बघितलं होतं की पायडल एकदाच दाबलं आणि मशीन दोनदा बसलं.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सुपरवायझर देवीच्या गोष्टी का पसरवत होता. मॅडमचा व्हिडिओ का फिरत होता. अंगात येणाऱ्या बाईची साक्ष कोण धरतंय? देवीने बोटं घेतली म्हटलं की मशीन सुटलं, मॅडम सुटल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

गोळ्या चालू झाल्या. सुरुवातीला तोंड सुकायचं, पेंग यायची. तीन-चार आठवड्यांनी एक सकाळ अशी आली की मी लेकीची वेणी घातली आणि घालून झाल्यावर लक्षात आलं, आपण घातली.

मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा. कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. कारखान्यात मशीनं धुतात, झेंडूच्या माळा घालतात, त्या दिवशी काम बंद. त्याआधी दोन दिवस मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. पहिल्यांदाच. म्हणाल्या, "तुमच्यानंतर चार नंबरवर कुणीच बसायला तयार नाही. बायका घाबरल्यात. पूजा तुम्ही करा. साडी आम्ही देतो. मशीनला कुंकू लावा आणि सांगा, आता भीती नाही. तुमचं ऐकतील त्या. तुम्हाला नंतर पॅकिंगला घेऊ, बसून काम."

मला पहिल्यांदा अहोजाहो करत होत्या त्या.

आत्या हरखल्या. "कंपनीनं मान दिला," म्हणाल्या. मी दोन दिवस विचार केला. बसून काम. मशीन नाही, दणका नाही. नवरा म्हणाला, "कर ना. काय जातंय आपलं?" मीही तेच म्हणत होते, काय जातंय. आपलं काही जाणार नव्हतं. माझ्या जागी जी बसेल तिचं जाणार होतं.

नवमीला मी साडी नेसून गेले. हिरवी, काठाची. चार नंबरला माळा घातलेल्या, पुढं केळीचे खुंट, पाट. सगळ्या बाया जमलेल्या. शेठही आले होते. प्रसादाला सुशीलालाही बोलावलं होतं, म्हणजे कंपनी कशी घरच्यासारखी आहे ते दिसावं. ती मागं उभी होती. पेढा डाव्या हातात घेतला होता तिने. उजवा पदराखाली.

मॅडमनी माझ्या हातात कुंकवाची वाटी दिली. मोबाईल तयार होता.

मी वाटी पाटावर ठेवली. म्हटलं, "एक हत्यार राह्यलंय." आणि संडासाच्या मागं गेले. फडकी बाजूला केली. जाळी ओढून काढली. जड होती, तेलकट, गंजलेली. नव्या साडीला डाग पडले. ओढत आणली आणि माळांच्या पुढं, पाटावर उभी केली.

"पूजा करायची तर हिची करा," मी म्हटलं. "माझ्यात देवी न्हाई. मला घबराटीचा आजार हाय, मी गोळ्या घेते. सुशीलानं पायडल एकदाच दाबलं हुतं. मशीन दोनदा बसलं. मी बघितलंय. भीती हाय, आन् ती खरी हाय. ही जाळी लावल्याबिगर ह्या मशीनवर कुनी बसू नका."

शेठ मॅडमकडे बघत होते. सुपरवायझर पुढं आला, "आगं ए, काय बरळती?"

आणि तेव्हाच ते आलं. छातीवर बैल. हात बधिर. डोळ्यांपुढं झेंडू फिरायला लागले. मी फरशीवर बसले. मावशीने सवयीने कुंकवाची वाटी उचलली. बाया सरकल्या.

"कुंकू लावू नका," मी म्हटलं. आवाज फाटला होता. "बाजूला व्हा. वारा येऊ द्या. हे पंधरा मिनिटांत जातं."

सुशीला येऊन माझ्या शेजारी बसली. तिने तिचा उजवा हात, पदराबाहेर काढून, माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी त्या दोन बोटांकडे बघत श्वास सोडत राहिले. घाम आला. कापरं भरलं. सगळ्या बायांनी ते बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते चढलं आणि ते उतरलं. त्यात कुणी बोललं नाही, कुणी डोंगरावरून आलं नाही. मी उठले, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन उभी राहिले.

मावशीने वाटीतलं कुंकू घेतलं आणि जाळीला लावलं.

दसरा झाल्यावर मला ऑफिसात एक कागद दिला. टाईप केलेला. प्रकृतीच्या कारणाने स्वखुशीने काम सोडत आहे. मी सही केली नाही. त्यांनी मला गेटच्या आत घेणं बंद केलं. चार नंबरला जाळी बसली, कारण बाया बसायलाच तयार नव्हत्या. बाकीच्या मशीनांना अजून नाही. साडी मी धुऊन परत पाठवली, डाग गेले नव्हते. आत्या मला पुन्हा 'ए' म्हणतात. शेजारणी पाण्याच्या नळावर माझी घागर पुढं घेत नाहीत, गोळ्या खाणारी म्हणून. देवीवर माझा राग नाही. मोहट्याच्या गडावर मी अजून जाते. तिच्या नावाने ज्यांनी आपलं पाप झाकलं त्यांच्यावर आहे.

सोमवारी लेबर ऑफिसात सुनावणी आहे. सुपरवायझर परवा नवऱ्याला रस्त्यात भेटला. म्हणाला, "येड्या बाईची साक्ष कोन धरनार? वकील इचारंल, गोळ्या चालू हायेत का. मंग?"

मग मी हो म्हणेन. कोणत्या गोळ्या, तेही सांगेन. केसपेपर पुढं ठेवेन आणि ती ओळ मोठ्याने वाचेन. तो व्हिडिओ दाखवणार असतील तर दाखवू देत, मी म्हणेन पूर्ण दाखवा, माझी साडी भिजलेली दिसेपर्यंत दाखवा. तिथं मला झटका येईल, मला माहीत आहे. छाती धरली जाईल. साहेब पाणी मागवतील. वकील हसेल.

मी खाली बसेन. पंधरा मिनिटं सगळ्यांना थांबायला लावीन. आणि मग उठून पहिल्यापासून सांगेन. पायडल एकदा दाबलं होतं. मशीन दोनदा बसलं.